खात्यात जमा झाला, पण वटला नाही

आपल्याकडे साधारणपणे चेक वटला की मगच रक्कम खात्यात दिसते. अमेरिकेत ही सवय महागात पडते, आणि बक्षिसाच्या नावाने गंडवणारे नेमके तिथेच बोट ठेवतात.

टपालाने रंगीत पत्र येतं: तुम्हाला स्वीपस्टेक्समध्ये, म्हणजे बक्षिसांच्या मोफत सोडतीत, मोठं बक्षीस लागलंय, सोबतचा चेक हा त्यातलाच आगाऊ हप्ता. समजा चेक ३,८५० डॉलरचा आहे. तो खात्यात भरायचा, २,९०० डॉलर ‘कर’ म्हणून पाठवायचे, मग उरलेलं बक्षीस येणार. चेकवर खऱ्या बँकेचं नाव, खाली बँकेची ओळख सांगणारा नऊ आकडी राउटिंग नंबर, कागदही जाडसर. अशा चेकची रक्कम एक-दोन दिवसांत खात्यात वापरायला मिळते, कारण १९८७च्या कायद्याने बँकांना पैसे ठरावीक मुदतीत मोकळे करावेच लागतात. चेक खोटा आहे हे मात्र कधी आठवड्याने, कधी महिन्याने उघड होतं. मग बँक पूर्ण ३,८५० वळते करून घेते. तुम्ही पाठवलेले २,९०० गेलेलेच असतात, वर खातं उणे. बँकेने खातं बंद केलं तर ती नोंद चेकसिस्टम्समध्ये, म्हणजे बंद पडलेल्या खात्यांची माहिती बँकांना पुरवणाऱ्या संस्थेकडे, साधारण पाच वर्षं राहते. अमेरिकेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या बँकेत खातं उघडताना तीच नडते.

म्हणून काउंटरवर ‘पैसे आले का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ असंच मिळेल. ‘चेक ज्या बँकेचा आहे तिने तो वटवला का?’ असं विचारा. त्या बँकेला फोन करायचा तर नंबर स्वतः शोधा. चेकवर छापलेला नंबर गंडवणाऱ्यांच्याच माणसाचा असू शकतो.

कराची थाप तर सहज पकडता येते. खऱ्या लॉटरीत ५,००० डॉलरच्या वरच्या बक्षिसातून २४ टक्के आधीच कापून घेतात, पाहुण्या परदेशी माणसाकडून ३० टक्के. बाकीचा कर थेट सरकारला भरायचा. गिफ्ट कार्ड खरवडून फोनवर नंबर वाचून दाखवा, असं कुठलंही करखातं सांगत नाही. आणि खऱ्या स्वीपस्टेक्समध्ये भाग घ्यायला पैसे मागणंच बेकायदा आहे.

भारतात बसलेल्यांना वेगळी मेल येते: ग्रीन कार्ड लॉटरी लागली. ती उघडायचीही गरज नाही. डायव्हर्सिटी व्हिसाच्या, म्हणजे याच लॉटरीच्या, पात्र देशांच्या यादीत भारत नाही; आईवडिलांचा किंवा जोडीदाराचा जन्म पात्र देशातला असेल तरच दार किलकिलं होतं. निकालही मेलने कळवत नाहीत, अर्जदाराने सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहायचा असतो. शिवाय लॉटरीच्या तिकिटासाठी किंवा स्वीपस्टेक्ससाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांनी बंदी आहे.

पैसे गेलेच असतील तर तासाभराचाही उशीर नको. वेस्टर्न युनियनने पाठवलेली रक्कम समोरच्याने उचलली नसेल तर थांबवता येते. गिफ्ट कार्ड असेल तर कार्ड आणि पावती हाताशी ठेवून कार्ड कंपनीला फोन लावा. भारतातून गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पुढच्या काही आठवड्यांत ‘तुमचे बुडालेले पैसे थोड्या फीमध्ये काढून देतो’ म्हणणारा फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्यांच्या नावांच्या याद्या विकल्या जातात, हा फोनही त्यातूनच येतो, तोही गंडाच. पत्राचं पाकीट मात्र फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे, म्हणजे अमेरिकी टपालखात्याच्या तपास यंत्रणेकडे, तक्रार करताना उपयोगी पडतो.