पगार कुठल्या रकान्यात लिहायचा?

रविवार, मार्चअखेर. सांगली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी बैठक ठेवायची नाही, असं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी नेमका तोच रविवार मिळतो. आज विश्रामबागेत जमलो तेव्हा निम्म्याजणी फोनवर होत्या. “चेकवर एकतीसच्या आतली तारीख टाका हं साहेब,” हे वाक्य खोलीच्या चारही कोपऱ्यांतून ऐकू येत होतं.

आम्ही म्हणजे सांगली-मिरज, वाळवा, तासगाव, जत, आटपाडी इथल्या संस्थांसाठी पैसा उभा करणाऱ्या बायका. कुणाच्या कार्डावर ‘प्रकल्प समन्वयक’ आहे, कुणाच्या ‘जनसंपर्क’. एकीला तर कार्डच नाही, तिला सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणतात. काम मात्र सगळ्यांचं सारखंच. देणगीदार शोधायचे, प्रस्ताव लिहायचे, पावत्या फाडायच्या, आणि मे संपायच्या आत १०बीडी, म्हणजे देणग्यांचा तपशील आयकर खात्याला कळवणारा फॉर्म, भरून देणगीदारांना प्रमाणपत्रं पाठवायची. या गटाची जबाबदारी माझ्याकडे आली ती वयामुळे. निवडणूक वगैरे काही झाली नाही.

सुरुवात पावत्यांनी झाली. तासगावच्या बाईंना एका बेदाणा व्यापाऱ्याने विचारलं म्हणे, “नवीन करपद्धतीत ८०जीची, देणगीवरची करसवलतच नाही, मग पावती कशाला करताय? रोख घ्या की.” यांनी सांगितलं, “पावती तुमच्या करासाठी नाही ओ, आमच्या हिशेबासाठी आहे.” मला हे उत्तर फार आवडलं. रोख दोन हजारांच्या वर असेल तर जुन्या पद्धतीतही सवलत मिळत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत आलो. आता सवलतीचं गाजरच बऱ्याच जणांपुढून गेलं. माझ्या मते झालं ते एका अर्थी बरंच झालं. निदान कामाबद्दल बोलावं लागतं.

मग नेहमीचा विषय, सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायचा खर्च. पुण्या-मुंबईहून प्रशिक्षण द्यायला येणाऱ्यांना वाटतं, सांगली म्हणजे साखर कारखाने, म्हणजे सीएसआरचा पूर. पण सहकारी कारखाना ही कंपनीच नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १३५ वं कलम त्याला लागत नाही. हळदीची पेढी बापलेकांची किंवा भागीदारीतली, तिलाही लागत नाही. राहिल्या कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कंपन्या. पाचशे कोटी नक्त मूल्य, नाहीतर हजार कोटी उलाढाल, नाहीतर पाच कोटी निव्वळ नफा, या तिन्हीतल्या एकातही आमच्या ओळखीचे बहुतेक कारखानदार बसत नाहीत. म्हणून नफ्यातल्या दोन टक्क्यांच्या गप्पा ऐकून आम्ही घरी येतो आणि परत मार्केट यार्डाच्या पायऱ्या चढतो.

जतची मुलगी आज चिडलेली होती. तिच्या संस्थेला पूर्वी पुण्याच्या एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी यायचा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेने दुसरीला द्यायलाच बंदी आली, आणि तिच्या गावातला पाणलोटाचा प्रकल्प मध्येच थांबला. वर देणगीदार तिला म्हणतात, फोटो पाठवा. दुष्काळाचा फोटो काय पाठवणार? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा ट्रकच्या ट्रक मदत आली. त्याच महिन्यात त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला पाण्याचे टँकर चालू होते. होडीतल्या माणसाचा फोटो देशभर जातो. रांगेतल्या घागरींचा तालुक्याबाहेर जात नाही. ती रडवेली होऊन म्हणाली, “ताई, आमच्याकडं बुडायलासुद्धा पाणी नाही.” सगळ्या हसलो, तीही हसली.

खरी बैठक चहानंतर सुरू झाली. मिरजेच्या एकीला तिच्या विश्वस्तांनी नवीन योजना दिली आहे: पगार बंद, जेवढं आणाल त्याचे दहा टक्के तुमचे. तिला ती मान्य आहे. म्हणाली, “पगार म्हणून मिळतंय काय? नऊ हजार. दहा टक्क्यांत निदान माझ्या कष्टाचं मला मिळेल.” दोघीतिघींनी माना डोलावल्या.

मी विरोधात बोलले आणि जरा जोरातच बोलले. देणगीदाराने मुलींच्या वसतिगृहासाठी लाख रुपये लिहिले आणि त्यातले दहा हजार मागणारीला गेले, हे त्याला तोंडावर सांगता येईल का? सांगता येत नसेल तर तिथेच ते संपलं. शिवाय एकदा टक्केवारी लागली की शंभर रुपये देणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात कोण जाईल? आणि ज्या व्यापाऱ्याने यंदा चेक दिला, त्याच्या पेढीवर आधीची बाई वर्षानुवर्षं जाऊन बसलेली असते. मग टक्के कुणाचे? जगभरच्या निधी संकलकांच्या एएफपी या संघटनेच्या आचारसंहितेत टक्केवारीवरच्या मोबदल्याला मनाई आहे, तेही सांगितलं. त्याचा काही परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो वाळव्याच्या वहिनींच्या एका वाक्याचा: “संध्याकाळी फार्महाऊसवर या, तिथं चेक देतो, असं म्हणणारा असतो एखादा. टक्के असले की त्यालाही नाही म्हणायला जड जाईल गं.”

खोलीतल्या प्रत्येकीला असा एखादा ठाऊक होता. आमचा एक नियम आहेच, दिवस मावळल्यावर आणि एकटीने कुणाकडे जायचं नाही. आज त्यात भर घातली की असा अनुभव आला तर नाव गटात सांगायचं आणि बाकीच्यांनीही त्या दारात जायचं नाही, चेक कितीही मोठा असो. यावर मतदान घ्यावं लागलं नाही.

पण मिरजेचीचा प्रश्न तसाच उरतो. नऊ हजार. अंदाजपत्रकात तिचा पगार लिहायला जागाच नसते. देणगीदार म्हणतो, माझा पैसा थेट मुलांवर खर्च करा. कंपनीवाले पाच टक्क्यांचा नियम तोंडावर फेकतात. खरं तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेच्या पगारांना नाही. हे मी आज फळ्यावर लिहून दाखवलं, सगळ्यांनी फोटो काढले.

विश्वस्त मंडळी तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंच उदाहरण देतात. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. साताऱ्या-सांगलीतल्या प्रत्येक संस्थेच्या वर्धापनदिनाला हे भाषण होतं. मलाही दरवेळी गलबलून येतं. पण भाषण करणारा स्वतःचे प्रवासभत्ते सोडत नाही हेही मी बघते. आणि ऐतवड्याचे भाऊराव रयत शिक्षण संस्था उभी करण्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत होते, ते पगारावर. माणसाला कसं गाठायचं आणि कसं पटवायचं हे त्यांना त्या नोकरीतच कळलं असणार, असा माझा आपला अंदाज. ते मात्र वर्धापनदिनाला कुणी सांगत नाही.

गटाचं नेतृत्व म्हणजे लोकांना वाटतं, तज्ज्ञ बोलवायचा, सत्कार करायचा, गटफोटो काढायचा. मला त्यात रस उरलेला नाही. प्रस्ताव लिहायला या सगळ्या माझ्यापेक्षा चांगल्या शिकल्या आहेत. दुसऱ्यांच्या पोरींसाठी लाखभर मागताना यांचा आवाज हलत नाही, पण स्वतःचा पगार वाढवून मागायची वेळ आली की “बघू की ताई, पुढच्या वर्षी.” म्हणून आज प्रत्येकीला सांगितलं, आपला आकडा मोठ्याने म्हणा. पाच मिनिटं कुणी बोलेना. मग मी माझा सांगितला, नंतर एकेक आला. सर्वांत कमी चार हजार होता, आणि ती बाई वर्षाला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त निधी आणते.

ठरलं ते एवढं: एप्रिलपासून प्रत्येक प्रस्तावात ‘निधी संकलन व हिशेब’ हा रकाना वेगळा आणि उघड लिहायचा, ‘इतर’मध्ये लपवायचा नाही. देणगीदाराने खोडला तर कारण लेखी मागायचं. विश्वस्तांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी करायचा आहे, निम्मा झालाय.

मिरजेची अजून पटलेली नाही. जाताना स्पष्ट म्हणाली, “तुमचा रकाना मंजूर होईपर्यंत मी खायचं काय?” पुढची बैठक जतला आहे. पहिला अर्धा तास तिला दिलाय; दहा टक्क्यांचा तिचा हिशेब ती मांडणार आहे, आणि एसटीचं भाडं गटाच्या पैशातून द्यायचं ठरलंय.