त्या शिवणाऱ्या बाईचं काय?

पुस्तक काल रात्री संपलं. खुनी सापडला. पुस्तकांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी त्याला सगळ्या गावासमोर बोलतं केलं, हरवलेली मांजर परत आली. मी मात्र आज दिवसभर त्या कपडे शिवणाऱ्या बाईपाशीच अडकले आहे.

ताईला फोन केला तर म्हणाली, "कोण गं शिवणारी?" पुस्तक तिनेच दिलेलं. तिला खुनी आठवतो, विष कुठल्या बाटलीत होतं ते आठवतं, मांजरीचं नावसुद्धा आठवतं. ही बाई आठवत नाही. "अगं, पण शेवटी ती नव्हतीच ना," म्हणाली. हो, नव्हती. तेच तर मला सोडत नाहीये.

अर्धं पुस्तक आपण तिच्यावर डोळा ठेवून असतो. खुनाच्या रात्री मी घरीच होते, असं ती पोलिसांना सांगते आणि ते खोटं असतं. मालकीणबाईंना तिच्या कोटाच्या खिशात बसचं तिकीट दिसतं. मग त्या टपाल कचेरीत विचारतात, केस कापायला गेल्या की तिथे विचारतात, चर्चच्या विक्रीच्या दिवशी टेबल लावता लावता विचारतात. शेवटी कळतं ते असं: बाईचा मुलगा परदेशात नोकरीला वगैरे नाही, तो तुरुंगात आहे, आणि ती गपचूप त्याला भेटायला जाते. किती वर्षं तिने हे एकटीने जपलं असेल. मालकीणबाई घरी येऊन बहिणीला म्हणतात, "म्हणजे ती नाही." प्रकरण संपलं. पुढच्या पानावर त्या डॉक्टरांच्या मागे लागलेल्या.

आणि आता अख्ख्या गावाला मुलाचं माहीत झालं, त्याचं काय? कुणी तिच्या दारात जाऊन एक शब्द बोलत नाही.

अशा कादंबरीला हे लागतंच, हे मला कळतं. रहस्यकथा लिहिणारे इंग्रज पाद्री रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार कथेत लवकर यायला हवा. तो सुरुवातीपासून आपल्या डोळ्यांसमोर वावरणार, म्हणजे त्याला झाकायला आजूबाजूला आणखी चार-पाच जणांवर सावली पाडावी लागणार. त्या प्रत्येकाकडे लपवण्यासारखं काहीतरी हवं. ऑडेन या कवीला रहस्यकथांचं व्यसनच होतं. १९४८ च्या निबंधात त्याने सरळ लिहिलं आहे की संशयितांचा काही ना काही दोष असावा लागतो, अगदीच निष्पाप असले तर त्यांच्यात रस उरत नाही. नॉक्स यांच्या नियमांत वाचकाला फसवायचं नाही यावर केवढा भर आहे! गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा लगेच वाचकापुढे ठेवायचा. वाचकाशी प्रामाणिक राहायचं हे ठरलं. संशयिताशी कसं वागायचं, याचा नियम त्या दहांत नाही.

आणि इथे शोध घेणारी पोलीस नाही, म्हणून तर जास्त लागतं. पोलीस दारात आला की माणूस सावध होतो, काय बोलायचं ते ठरवतो. मालकीणबाईंच्या हातात अधिकार कसलाच नाही. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे, एवढंच त्यांचं साधन. शिवणाऱ्या बाईने त्यांना मैत्रीण म्हणून घरात घेतलं, कोट खुंटीला टांगलेला राहू दिला. मैत्रिणीसमोर कोण कोट आत नेऊन ठेवतं?

अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतली, गावात राहून खुनांचा छडा लावणारी म्हातारी मिस मार्पल अशी नाही वागत, असं मनात येत राहिलं. १९४२ च्या कादंबरीत कर्नल बँट्रींच्या घरातल्या ग्रंथालयात एका अनोळखी मुलीचं प्रेत सापडतं. कर्नलचा काही संबंध नाही, पण गावात कुजबुज सुरू होते, त्यांना होणारी जेवणाची आमंत्रणं एकेक करून रद्द होतात, माणूस आतून खचत जातो. खुनी सापडला नाही तर हा डाग त्यांच्यावर जन्मभर राहील, हे मिस मार्पलना सगळ्यांत आधी दिसतं. त्यांच्या शोधात तीही घाई आहे. संशय माणसाचं काय करतो हे अगाथा ख्रिस्तीला ठाऊक होतं. या पुस्तकाच्या लेखिकेलाही ठाऊक असणार, नाहीतर तिने तो मुलगा लिहिलाच नसता. मग अर्ध्यावर का सोडलं?

मला इतकं का लागलं ते मला माहीत आहे. ऑफिसातल्या किल्ल्या हरवल्या आणि संशय माझ्यावर आला, तेव्हा मलाही असंच सोडलं होतं. किल्ल्या सापडल्या, सगळे हुश्श म्हणून आपापल्या टेबलाकडे गेले. मधले ते दिवस जणू कुणाच्याच लक्षात नव्हते. मी जागेवरून उठले की बोलणं थांबायचं, ते फक्त माझ्याच लक्षात राहिलं. यांना सांगितलं तर म्हणाले, आता झालं ना सगळं नीट. अप्पा असते तर... जाऊ दे.

संध्याकाळी शेवटचं प्रकरण परत काढून वाचलं. सगळे दुकानात जमतात, तिथे ती आहे. काल नजरेतून निसटलं होतं. एकच ओळ आहे: ती आत येते, आणि मालकीणबाई आपला कोट तिच्या हातात देतात, अस्तर उसवलंय म्हणून. बाई शिवण उलटून बघते आणि म्हणते, गुरुवारी घेऊन जा. बस, इतकंच.

ते वाचून बराच वेळ नुसती बसले. किल्ल्यांचं मिटल्यावर साहेबांनी एकदा मला बोलावून कपाटाची किल्ली हातात दिली होती आणि म्हणाले होते, आतली जुनी रजिस्टरं तुम्हीच काढा. तेव्हा मी ते फक्त काम समजले. आज वाटतं, त्यांना तोंडाने म्हणता येत नव्हतं ते त्यांनी तसं केलं असेल. तरी म्हणायला हवं होतं. पण केलं, हेही खरंच आहे, आणि आज ते मला काल वाटलं असतं त्याहून थोडं जास्त वाटतंय.

अशा मालिकांमध्ये एक गोष्ट असते. मेलेला जातो, खुनी जातो. गावात मागे राहतात ते सगळे कधी ना कधी संशयात सापडलेले. तेच पुढच्या भागात दुकानं उघडतात, पत्रं टाकतात, एकमेकांचे कपडे शिवतात. मिस मार्पलचं गाव, सेंट मेरी मीड, असंच वर्षानुवर्षं चालू राहिलं. कर्नल बँट्री पुढे वारले, पण मिसेस बँट्री १९६२ च्या कादंबरीतही तिथेच आहेत, आणि मिस मार्पलशी त्यांची मैत्रीही तशीच आहे. मग हीसुद्धा राहील. गुरुवारी कोट देईल.

पुढच्या भागात पुन्हा कुणीतरी मरणार आणि मालकीणबाई पुन्हा विचारपूस करत तिच्या दारात जाणार. तिने त्यांना आत घ्यावं असं आज मला वाटतंय. कोट मात्र तिने आतल्या खोलीत ठेवावा.