गाडीचा विमा, जुलैचा पाऊस आणि चेसिस नंबरचा फोटो

पॉलिसी रात्री बारा वाजता संपली आणि मी सकाळी साडेदहाला पैसे भरायला बसले. या साडेदहा तासांपायी आठ दिवस गेले आणि तीन वेळा इन्स्पेक्शन नापास झालं.

गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, १,१९७ सीसी, पासिंग ठाण्याचं, एमएच-०४. राहणं घोडबंदर रोडला. मुदत संपायच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी कोटेशनं जुळवत बसले होते, हा माझाच गाढवपणा. महिनाभर आधी विमा घेतला तरी नवी पॉलिसी जुनी संपल्यावरच सुरू होते, एक दिवसही वाया जात नाही. तेव्हा थांबण्यात काही फायदा नसतो.

आधी पैशांचं सांगते, कारण तो भाग सोपा आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या भागाचा, दर सरकारी असतो आणि सगळ्या कंपन्यांचा तोच. १ जून २०२२ पासून १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. वर १८ टक्के जीएसटी. इथे 'खास सवलत' देतो म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. घासाघीस होते ती ओडीमध्ये, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि त्याला चिकटवलेल्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे घेऊन दिलेल्या जादा संरक्षणात.

मला आलेलं पहिलं कोटेशन ११,८०० रुपयांचं होतं. त्यात चावी हरवली तर, टायर फाटला तर, गाडीतलं सामान चोरीला गेलं तर, असं काय काय भरलेलं. शिवाय मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. तो सक्तीचा आहे, पण एका माणसाला एकदाच लागतो. माझ्या स्कूटरच्या पॉलिसीत तो आधीच आहे, तसं लिहून दिल्यावर ३७५ रुपये कमी झाले. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं ॲड-ऑन, काढलं. सात वर्षांच्या गाडीला ते महाग पडतं. इंजिन प्रोटेक्ट मात्र ठेवलं. ठाण्यात वंदना टॉकीजसारख्या सखल भागात पाणी भरलं आणि गाडी त्यात बंद पडली, तर साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान बसत नाही. (आणि बंद पडलेल्या गाडीला पाण्यात पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, टो करा. स्टार्टर मारला की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो.) काही कंपन्या झिरो डेपशिवाय इंजिन प्रोटेक्ट देतच नाहीत, त्यांना वगळलं.

शेवटी ओडी २,१५० आणि इंजिन प्रोटेक्ट ५००. एकूण २,६५०, त्यावर जीएसटी, म्हणजे ३,१२७. थर्ड पार्टी जीएसटीसह ४,०३१. मिळून ७,१५८ रुपये. इथपर्यंत सगळं छान होतं.

आता इन्स्पेक्शन.

एक दिवस जरी खंड पडला तरी कंपनीच्या लेखी ती ब्रेक-इन केस. मधल्या वेळात कुठे ठोकून आता विमा घ्यायला आलात का, ही त्यांची शंका आणि ती रास्तच आहे. त्यामुळे गाडी बघितल्याशिवाय ओडी कोणी देत नाही. पूर्वी सर्व्हेअर यायचा, आता बहुतेक कंपन्या मोबाइलवर लिंक पाठवतात. लिंक २४ तास चालते, लोकेशन चालू ठेवावं लागतं, फोटो त्यांच्याच ॲपमधून तिथल्या तिथे काढायचे, गॅलरीतले चालत नाहीत. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, चारही कोपऱ्यांतून, पुढची काच आतून आणि बाहेरून, मीटर, बॉनेट उघडून इंजिन, आरसी, जुनी पॉलिसी आणि चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला तिचा ओळख क्रमांक. शेवटी गाडीभोवती एक फेरी मारून व्हिडिओ.

पहिल्यांदा मी हे सगळं आमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये केलं. नापास. दोन खांबांच्या मधे गाडी, बाजूने अख्खी फ्रेममध्ये यायला सात-आठ फूट मागे सरकावं लागतं आणि तिथे शेजाऱ्यांची गाडी. वरच्या ट्यूबलाइटची रेघ दारावर उमटते, आणि जिथे चकाकतं तिथला पोचा दिसत नाही. नेटवर्क तर इतकं मंद की व्हिडिओ ८० टक्क्यांवर अडकायचा.

दुसऱ्यांदा पाऊस उघडल्यावर गेटबाहेर आणून काढले. नापास. कारण: वाहन ओले. थेंबांखाली ओरखडे झाकले जातात म्हणे. बरोबर आहे, पण जुलैत घोडबंदरला कोरडी गाडी आणायची कुठून? मी फोन केला तर पलीकडून, "मॅडम, गाडी पुसून घ्या ना." पुसत पुसत पुढे जावं तर मागे पुन्हा भुरभुर.

तिसऱ्यांदा सगळं पास, चेसिस नंबर सोडून. "इमेज क्लिअर नाही." नवी लिंक, म्हणजे सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा. फक्त एकच फोटो मागायची सोय त्यांच्याकडे नाही, आणि हा राग माझा अजून गेलेला नाही.

माझ्या गाडीत चेसिस नंबर ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली आहे. सीट पूर्ण मागे सरकवायची, कार्पेटला कापलेली एक झडप असते ती उचलायची. खाली पत्र्यावर १७ अक्षरं-आकडे ठोकलेले. सात पावसाळे, ओल्या चपला आणि खाडीची हवा, त्यामुळे खाचांत मळ आणि वर तांबेरा. समोरून फ्लॅश मारला की पत्रा चकाकतो आणि आकडे गायब.

जमलं ते असं. आधी जुन्या टूथब्रशने आणि थोड्या रॉकेलने घासलं, फडक्याने कोरडं केलं. सँडपेपर चुकूनही लावू नका, खोडाखोड केल्यासारखं दिसतं. मग पांढरा खडू आडवा धरून त्यावर चोळला आणि वरवरचा बोटाने पुसून टाकला. खाचांत पांढरं राहतं, पत्रा काळपट. मोबाइलचा फ्लॅश बंद. आमच्या वॉचमनकाकांनी दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत, बाजूने तिरका धरला. तिरक्या उजेडात खाचेची सावली पडते आणि आकडा उठून दिसतो. फोटोसाठी जवळ जायचं नाही, वीतभर अंतर ठेवून झूम करायचं, नाहीतर फोकस बसत नाही. वाचताना लक्षात ठेवा, या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. गोल दिसलं तर तो शून्यच.

मीटरचा फोटोही एकदा परत आला होता. नुसती चावी फिरवली तर एअरबॅगसकट सगळे दिवे पेटलेले दिसतात. इंजिन चालू करायचं, दिवे विझू द्यायचे आणि मग किलोमीटर टिपायचे.

कोरड्या गाडीचं उत्तर शेवटी पेट्रोल पंपाने दिलं. मोठं छत, खांब लांब लांब, चारही बाजूंनी मोकळं आणि उजेड दिवसाचा. मॅनेजरला विचारून सकाळी सातला, गर्दी व्हायच्या आत, हवा भरायच्या कोपऱ्यात उभी केली. तिथेच पीयूसी काढून घेतली. नूतनीकरणाला पीयूसीचा नंबर मागतात आणि माझी संपलेली होती.

आणि पंपापर्यंत गाडी नेली कशी? हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं, तुम्ही पहिल्याच दिवशी करा: थर्ड पार्टी पॉलिसीला इन्स्पेक्शन लागत नाही. ती ऑनलाइन लगेच घ्या आणि ओडी नंतर वेगळी घ्या. २०१९ पासून सुटी ओडी मिळते, दुसऱ्या कंपनीची असली तरी चालते. जुन्या गाडीला सगळेच देत नाहीत, म्हणून आधी विचारा. विम्याशिवाय रस्त्यावर सापडलात तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कोणाला धडक बसली तर भरपाई खिशातून, ते वेगळंच.

खंड पडला तरी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, लगेच जात नाही, ९० दिवस टिकतो. माझा ५० टक्के होता. तो फक्त ओडीवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. क्लेम घेतलेला असताना बोनस आहे असं ठोकून देऊ नका. जुन्या कंपनीकडे विचारणा होते आणि नेमक्या क्लेमच्या वेळी ते अंगाशी येतं. बारीकसारीक क्लेमही करू नका. बंपर ४,००० चा धरा: प्लास्टिकवर निम्मा घसारा, उरले २,०००, त्यातून प्रत्येक क्लेमला आपण सोसायचे सक्तीचे १,००० वजा. हातात १,००० आणि ५० टक्के बोनस गेल्यामुळे पुढच्या वर्षी माझे २,१५० जादा.

आणखी एक राहिलं. कोटेशनं पडताळताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सगळीकडे एकच ठेवा. एका एजंटने माझी २ लाख ९० हजारांची गाडी २ लाख ३० हजारांवर आणून स्वस्त करून दाखवली. वाचणार होते काहीशे रुपये, आणि गाडी चोरीला गेली तर ६० हजारांचं नुकसान. कॅशलेस गॅरेजांची यादीही बघा, नुसता आकडा नको. आपल्या विमा कंपनीचं कॅशलेस काम घेणारं गॅरेज वागळे इस्टेटला किंवा तुर्भ्याला आहे का, ते फोन करून विचारा. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढलेलं हवं.

आठव्या दिवशी दुपारी इन्स्पेक्शन पास झाल्याचा मेसेज आला. पैसे लगेच भरले, कारण पास झाल्यावरही वेळेची मर्यादा असते. पाच मिनिटांत पीडीएफ आली. नाव, इंजिन नंबर, बोनस, सगळं बरोबर. चेसिस नंबरात मात्र ८ च्या जागी इंग्रजी बी छापलेला. दुरुस्तीसाठी मेल केली, सोबत खडू चोळलेला तोच फोटो जोडला. दुरुस्तीचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचं पत्र, चार दिवसांनी आलं.