पूर उतरला आणि मग परडं गेलं

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर म्हटलं की लोकांना बाजारपेठेतलं पाणी आठवतं, पण आम्हा बांधकामवाल्यांची खरी धावपळ सुरू झाली ती पाणी उतरल्यावर. सारखे फोन, "मागची जमीन खचतेय, येऊन बघा." त्यातलं शिवनदीच्या काठचं एक घर माझ्या डोक्यातून जात नाही.

घर जुनं, चिऱ्याचं. परडं, म्हणजे घरामागची मोकळी जागा, अर्धं नदीत गेलेलं, सेप्टिक टँकची एक बाजू उघडी पडलेली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपासून चारेक फुटांवर काठाला समांतर लांबच लांब भेग. सळई घालून बघितली तर कंबरभर सरळ आत गेली, कुठे अडलीच नाही. काकू घरात गाळ उपसत होत्या. काका म्हणाले, "अहो, पाणी भरलेलं तेव्हा ढेकूळ पडलं नाही, आणि उतरल्यावर धाडकन गेलं, असं कसं?"

असंच होतं ते. पाणी चढलेलं असतं तेव्हा त्याचाच बाहेरून काठाला रेटा असतो. आतली माती तोवर पिऊन जड झालेली, भिजलेली माती घनमीटरला २ टनांच्या आसपास भरते, मग नदी भराभर उतरते पण मातीतलं पाणी तेवढ्या लवकर निघत नाही, म्हणजे आतून दाब तसाच आणि बाहेरचा आधार गेलेला, त्यात पायथा प्रवाहाने पोखरलेला. शेजारची पक्की भिंत याच कारणाने आडवी झालेली, पाणी निघायला तिला एक भोक ठेवलेलं नव्हतं. पलीकडचा जुना दगडी गडगा मात्र उभा, फटीफटीतून पाणी वाट काढून गेलेलं.

काकांना लगेच काँक्रीटची भिंत हवी होती. मी म्हटलं काका, आधी पाण्याचं बघू. छपराचं सगळं पाणी एका पाइपातून बरोब्बर त्या भेगेच्या तोंडाशी पडत होतं! तो पाइप त्याच दुपारी रस्त्याकडच्या गटारात वळवला, भेग बुजवून वर ताडपत्री टाकली, गॅस आणि फ्रिज पुढच्या खोलीत हलवले, मागचा संडास बंद. काठावर झुकलेला माड तोडावा लागला कारण वाऱ्याने तो हलला की माती आणखी सैल होत होती. तो काकूंनी लावलेला, त्यांच्या डोळ्यात पाणी आलं आणि मलाही काय बोलावं सुचेना. बुंधा खणायचा नाही, मुळं जमिनीतच राहू देत, एवढं मी गड्यांना बजावलं.

पावसाळा संपल्यावर रीतसर परवानगी घेऊन गॅबियन घातले, म्हणजे जाळीच्या पेट्यांत दगड, मागे जिओटेक्सटाइल कापड, म्हणजे पाणी निघतं आणि माती अडते. पायथा नदीने खरवडलेल्या पातळीच्या खाली नेला, खर्च वाढला पण तिथे मी ऐकलं नाही, आधार खालूनच सुटतो. वरच्या उतारावर वाळा लावला, त्याची मुळं सरळ खोल जातात.

स्वयंपाकघर परत मागेच हवं असा काकांचा आग्रह होता. शहरात तेव्हा निळ्या आणि लाल पूररेषेवरून, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं आणि बांधकाम कुठवर करायचं ते ठरवणाऱ्या नकाशावरच्या रेषांवरून, रान पेटलेलं, पण मला रेषेपेक्षा ती भेग दिसत होती. मी नाही म्हटलं. शेवटी काकूच म्हणाल्या, "पुढच्या पडवीत करा, उजेडही चांगला येतो तिकडे," आणि तिथेच ओटा घातला.