आमची लिफ्ट, ताईची लिफ्ट आणि मेंदूतला बदाम

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये अडकली तेव्हा आत मी एकटीच होते. लाइट गेली, पंखा बंद, मोबाइलला रेंज नाही, हातात कोथिंबिरीची जुडी. वीस-बावीस मिनिटं गेली असतील, मग वॉचमन काकांनी दरवाजा उघडून वरून हात दिला आणि मी बाहेर आले. मला वाटलं संपला विषय. संपला कसला, दुसऱ्या दिवशी बटण दाबायला गेले तर हात थरथरायला लागले, तोंडाला कोरड, आणि मी गुपचूप जिना धरला. सातवा मजला आहे आमचा. चार महिने भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढले, आणि कोणी विचारलं की "व्यायाम होतो ना तेवढा" म्हणून हसायचे.

शेवटी एका कौन्सेलरकडे गेले. तिने मला लिफ्टमध्ये बसायलाच लावलं! पहिल्या दिवशी नुसतं दार उघडं ठेवून आत उभं राहायचं, मग एक मजला, मग दोन, धडधड झाली तरी उतरायचं नाही, ती आपोआप कमी होईपर्यंत थांबायचं. आणि हो, पाण्याची बाटली आणि फुल चार्ज फोन बरोबर न घेता, कारण नाहीतर मेंदू म्हणतो वाचलो ते बाटलीमुळे. दीड महिन्यात मी आरामात वरखाली करायला लागले.

मग गेले ताईकडे डोंबिवलीला. तिच्याकडची लिफ्ट स्टीलच्या दाराची, आमची जाळीची. दार सरकत बंद झालं आणि परत तेच, पोटात गोळा, दुसऱ्या मजल्यालाच बाहेर पडले. इतकं रडू आलं ना, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात असंच वाटलं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागले आहे आणि जे कळलं ते भारी आहे. मेंदूत आत खोल, दोन्ही बाजूंना एकेक, बदामाच्या आकाराचा भाग असतो, अमिग्डला, ग्रीकमध्ये त्याचा अर्थच बदाम. जोसेफ लेडू नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांवर दाखवलं की धोक्याचा आवाज इथे दोन वाटांनी पोचतो. एक शॉर्टकट, कच्चीपक्की पण झटपट, आणि दुसरी कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातून, फिरून येणारी, जी नीट बघते की बाबा नक्की आहे काय. म्हणून आपण आधी दचकतो आणि मग कळतं की काही नव्हतंच. पण अमिग्डला म्हणजे भीतीचं केंद्र असं म्हणू नका हे लेडू स्वतःच सांगतात, त्यांच्या मते तिथे चालते ती शरीराला सावध करणारी यंत्रणा, "मला भीती वाटतेय" ही जाणीव वेगळी.

याचा एक जबरदस्त किस्सा आहे. अमेरिकेत एस. एम. या आद्याक्षरांनीच ओळखली जाणारी एक बाई आहे, दुर्मिळ आजाराने तिचे दोन्ही अमिग्डला गेले. तिला पाळीव प्राण्यांच्या दुकानात नेलं तर तिने खुशाल साप हातात धरला, भुताटकीच्या घरात ही सगळ्यांच्या पुढे. पण 2013 साली आलेल्या प्रयोगात तिला 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली आणि ती चक्क पॅनिक झाली! म्हणजे श्वास कोंडल्याची भीती मेंदू दुसऱ्या रस्त्यानेही उठवू शकतो. हे वाचून मला माझी लिफ्टच आठवली, कारण तिथे मला पडण्याची नाही, हवा संपण्याची भीती वाटत होती. (लिफ्टला फटी असतात, हवा संपत नाही. आता माहितीये. तेव्हा कोण विचार करतंय.)

आणि डोंबिवलीचं काय? तर भीती पुसली जातच नाही म्हणे. पावलोव या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांमध्येही हे दिसलं होतं, घंटा वाजली की खाणं येतं हे शिकून ती घंटेलाच लाळ गाळायची, मग बरेचदा घंटा वाजवून खाणं दिलं नाही की लाळ गळायची बंद व्हायची, पण मध्ये थोडा वेळ गेला आणि परत घंटा वाजली की लाळ हजर. जुनी आठवण तशीच राहते, तिच्या शेजारी नवी तयार होते, "इथे काही होत नाही" अशी. कपाळाच्या मागच्या भागातला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्यातही खालचा मधला भाग, ही नवी आठवण वापरून अमिग्डलाला गप्प बसवतो. 2002 साली मिलाद आणि क्वर्क या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये बघितलं, एखाद्या आवाजाची भीती घालवण्याचं ट्रेनिंग झाल्यावर दुसऱ्या दिवशी तोच आवाज ऐकला की याच भागातल्या पेशी चमकतात, आणि हा भाग बाहेरून उद्दीपित केला तर उंदीर कमी थिजतो.

गोची अशी की ही नवी आठवण जागेला चिकटलेली असते. कुठे आहोत याची नोंद हिप्पोकॅम्पस हा मेंदूतलाच आणखी एक भाग ठेवतो, आणि माझ्या मेंदूने शिकलेलं काय, तर आमच्या बिल्डिंगची जाळीची लिफ्ट सेफ आहे. बाकीच्यांबद्दल कोणी काही सांगितलंच नव्हतं त्याला! भीती मात्र जागा वगैरे बघत बसत नाही, ती सगळीकडे पसरते, दुधाने तोंड पोळलं की ताक पण फुंकून. घरचे "अगं काही नाही होत, घाबरू नकोस" म्हणायचे ते बिचारे प्रेमानेच, पण बोलून नाही पटत हे, मेंदूला तिथे नेऊनच दाखवावं लागतं.

कौन्सेलरला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "मग आता वेगवेगळ्या लिफ्ट शोधायच्या." तेव्हा आजकाल मी लिफ्ट गोळा करते. बँकेची झाली, मॉलची काचेची झाली (ती तर सोपी, बाहेर दिसतं), ताईकडची तीनदा झाली, तिसऱ्यांदा तर नवव्या मजल्यापर्यंत. राहिलीये ती एका जुन्या दवाखान्याची, स्ट्रेचर मावणारी, आत स्टुलावर लिफ्टमन बसलेला. परवा दारापर्यंत जाऊन आले. लिफ्टमनने विचारलं "वर जायचंय का ताई", मी म्हटलं "आज नाही, गुरुवारी."