रंकाळा, शालिनी पॅलेस आणि नाशिकची वाईन

नाशिकचे दाजी पहिल्यांदाच कोल्हापुरात. संध्याकाळी सगळे रंकाळ्यावर फिरायला गेलो. पलीकडं शालिनी पॅलेस दिसला आणि आत्या सुरू झाली. 1931 ते 34 मध्ये काळ्या दगडात बांधलेला, राजकन्या शालिनीराजेंच्या नावाचा हा वाडा. 1987 ला त्याचं हॉटेल झालं. पुढं कधीतरी आत्या आणि काका तिथं एक रात्र राहिलेले. काकांनी पगार उडवला म्हणून आजी चिडलेली, पण आत्याला अजून तिथली उंच छतं, संगमरवर आणि खिडकीतनं दिसणारं पाणी आठवतंय. जेवण मात्र "आपल्या घरच्यासारखं न्हवतं" म्हणे. कोल्हापूरकर दुसरं काय म्हणणार!

दाजी म्हणाले, आमच्याकडं द्राक्षमळ्यातच राहायची सोय असते, तिथलीच वाईन, तिथंच जेवण. रात्री पिशवीतनं एक बाटली काढलीच. तांबडा रस्सा आधी की पांढरा, यावर वाद घालणारं आमचं घर एकदम गप्प! शेवटी ती सुक्या मटणाबरोबर उघडली. खरं सांगू? वाईट न्हवती. पण पांढऱ्यातलं खसखस-काजूचं वाटण जिभेवर असताना वाईनची चव कुणाला कळतीय? दाजींनी पांढरा रस्सा चार वाट्या प्यायला, वाईन आत्यानं संपवली.