मामांचा रिसीव्हर आणि माझे वाया गेलेले चाळीस कपॅसिटर

मामांनी माळ्यावरून रिसीव्हर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत) काढायला लावला तेव्हा एकट्याने उचलेना, चौदा-पंधरा किलो तरी सहज असेल. सत्तरच्या दशकातला जपानी माल, पुढे जाड ॲल्युमिनियम, बाहेरून लाकडी पेटी. कंपनी मुद्दाम सांगत नाही, कारण मरांट्झवाले, पायोनियरवाले आणि सान्सुईवाले एकदा भांडायला लागले की विषय राहतो बाजूला. मामा म्हणाले, "डावा स्पीकर मधेच झोपतो रे, आवाज मोठा केला की उठतो. जमलं तर बघ, नाहीतर दे भंगारात."

आवाज मोठा केला की उठतो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

इतकी वर्षं बंद असलेलं मशीन डायरेक्ट प्लगला लावायचं नसतं एवढी अक्कल होती. आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघितला (जपानातले सेट १०० व्होल्टचे, अमेरिकेतले १२० चे, चुकून २३० वर लागला तर खेळ खल्लास), मग ६० वॉटचा जुना फिलामेंटवाला बल्ब सिरीजमध्ये जोडून स्विच दाबला. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून तसाच राहतो आणि करंट अडवून धरतो, सगळं ठीक असेल तर मोठे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे पार्ट) चार्ज होईपर्यंत पेटतो आणि मग मंद होतो. मंद झाला. मग बल्ब काढून सरळ लावला, चार-पाच सेकंद काहीच नाही आणि मग आतून टक्. ते टक् म्हणजे प्रोटेक्शन रिले (विजेवर चालणारा स्विच), आत सगळं जाग्यावर आहे अशी खात्री झाली की तोच स्पीकर जोडतो. डायलचे अर्धे दिवे गेलेले, पण तरी काय दिसत होतं ते!

नॉब फिरवला की खरखर, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. नॉबमागच्या प्रत्येक पॉटमध्ये (फिरत्या रेझिस्टरमध्ये) थोडा स्प्रे आणि वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवायचं, बस. गंज सोडवायचा स्प्रे मात्र मारू नका, तात्पुरतं बरं वाटतं आणि नंतर आत चिकट राडा होतो.

पण डावा स्पीकर झोपतोच. आणि इथे मला कपॅसिटरचं वेड लागलं. जिथे वाचावं तिथे एकच, जुने इलेक्ट्रोलिटिक (आत द्रावण असलेले) कपॅसिटर सुकतात, सगळे बदला. सुकतात हे खरंच आहे, आतलं द्रावण उडून जातं आणि ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) वाढतो. म्हणून चाळीस मागवले आणि तीन रविवार खर्ची घातले. फिल्टर कपॅसिटर आधी रेझिस्टर लावून रिकामे केले (स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे शूर लोक आहेत, मी नाही). काढलेले जुने कपॅसिटर मीटरवर लावले तर चार-पाच सोडले तर सगळे ठणठणीत! तेव्हाच थांबायला पाहिजे होतं.

डावा अजून झोपतोच.

वर आणखी एक घोळ घातला तो वेगळाच. बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट) सेट करताना आउटपुट स्टेजच्या एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजायचे असतात, मशीन चालू असताना, आणि मी हातात साधे प्रोब धरून बसलो होतो. एक घसरला, निळी ठिणगी, टक्, शांतता. डावीकडचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एक ड्रायव्हर गेला, म्हणजे त्या बाजूला जे आधी धड होतं तेच मी मारलं. आता आधी मशीन बंद करून हुकवाली क्लिप अडकवतो, मगच चालू करतो, आणि तेव्हा एक हात खिशात, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून.

ते सगळं बदलून झाल्यावर एका रात्री डावा पुन्हा झोपला आणि मी चिडून प्लास्टिकच्या पेनाने आत एकेक पार्ट ठोकत बसलो. रिलेवर टकटक केलं आणि डावा जागा!

रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते. बारीक आवाजात सिग्नलला तो थर भेदता येत नाही, व्हॉल्यूम वाढवला की व्होल्टेज वाढून भेदतो. मामांनी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं की! आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून ओढली, काळी होऊन आली, आवाज पक्का. नंतर त्याच कॉइल व्होल्टेजचा नवा रिले घातला. काम अर्ध्या तासाचं.

अगदीच सगळं फुकट गेलं असंही नाही. नॉबला हात न लावता मधूनच तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज यायचा, तो २एसए७२६ ट्रान्झिस्टरचा निघाला, त्या काळच्या बऱ्याच सेटमध्ये हा प्रकार आहे. दोन्ही चॅनलला केएसए९९२ घातले, तडतड बंद, आणि डावीकडे स्पीकर टर्मिनलवर ६१ मिलिव्होल्ट डीसी दिसत होता (तो जवळजवळ शून्य हवा) तो ८ वर आला. पार्ट चिकटवायचा जुना गोंद तपकिरी होऊन पाय खात होता तोही खरवडला.

आता ऐकण्याबद्दल. "विंटेज वॉर्म साऊंड" वगैरे मला तरी फारसं पटत नाही. अमेरिकेसाठी बनलेल्या सेटमध्ये एफएमचं डी-एम्फसिस (प्रक्षेपणात मुद्दाम वाढवलेले वरचे स्वर परत खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंद असतं, जिथे प्रक्षेपण ५० वर चालतं तिथे वरचे स्वर आपोआप दबतात, आणि लोक त्यालाच ऊब म्हणतात. माझ्या कानाला आवाज मोकळा वाटतो, एवढंच. खरी मजा रात्री, दिवे बंद करून, वजनदार ट्यूनिंग नॉबला बोटाने झटका दिला की काटा लांबवर घरंगळत जातो, स्टेशन सापडतं, मीटर मधोमध येतो आणि स्टिरिओचा लाल दिवा लागतो. लाउडनेसचं बटण बारीक आवाजात जरूर दाबा, बारीक आवाजात आपला कान बास कमी ऐकतो, त्याची भरपाई करायलाच ते आहे.

मामांना बोलावलं. कुणाला काही न विचारता खुर्ची ओढली, रेकॉर्ड लावली, आणि सवयीने व्हॉल्यूमचा नॉब झर्रकन वर नेला, डाव्याला उठवायला. खिडक्या थरथरल्या, मामा खुर्चीतून अर्धे उठले आणि मग आवाज कमी करत करत पार तळाला नेला, कान डाव्या स्पीकरला लावला.

"अरे, हा तर जागाच आहे!"